जीपच्या हबचे सील

मोटारीच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये, आतल्या बेअरिंगच्या पाठीमागे, एक अरुंद कडे ठोकून बसवलेले असते. बाहेरून पत्र्याची वाटी, आत चामड्याचा किंवा रबराचा ओठ, आणि पुष्कळदा त्या ओठाला चहूबाजूंनी आवळून धरणारी केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. गॅरेजात त्याला ऑइल सील म्हणतात, जुने मिस्त्री नुसते ‘सील’ म्हणतात. हब फिरतो आणि त्याच्या पोटातला स्पिंडल जागीच राहतो. सील हबबरोबर फिरते आणि त्याचा ओठ स्पिंडलच्या गुळगुळीत खांद्यावर टेकून असतो. बेअरिंगमधले ग्रीस आत राखायचे आणि पाणी, चिखल, धूळ बाहेर थोपवायची, एवढेच त्याचे काम.

हे काम बिघडले की परिणाम आधी ब्रेकमध्ये दिसतो. ग्रीस हबमधून ड्रममध्ये उतरते, लायनरवर चढते, आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागते. उलट दिशेने पाणी आत शिरले तर ग्रीस पांढुरके, दुधाळ होते, रोलरवर गंजाचे ठिपके उठतात आणि काही दिवसांत चाक घरघरू लागते. बेअरिंगच्या मानाने सीलाची किंमत किरकोळ आहे. तरीही पन्नास-साठ वर्षांची गाडी रस्त्यावर राहणार की शेडमध्ये विटांवर उभी राहणार, हे अनेकदा या कड्यावर ठरते. बुश लेथवर करून घेता येते, पट्ट्याच्या स्प्रिंगला नवे पान घालता येते, ब्रेकला नवे लायनर रिव्हेट करता येते. सील मात्र मापाचे मिळावे लागते, आणि ते माप कुणी तरी अजून बनवत असावे लागते. त्यामुळे जुन्या गाडीच्या सीलाचा शोध घेताना हाताला लागतो तो मालाचा, मापांचा आणि आयातीच्या धोरणांचा इतिहास.

सील नसलेल्या चाकाचे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाला मधोमध लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेर लोखंडी धाव, तुंब्यातून जाणारा आस आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ‘कुणी’ ही खीळ. तुंबा आणि आस यांच्यामध्ये वंगण घालायचे. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख किंवा काजळी घोटून ते घरीच तयार होई आणि नळीत भरून गाडीलाच टांगलेले असे. या रचनेत वंगण अडवणारे काहीच नव्हते. ते काळे होऊन बाहेर ओघळे आणि ओघळताना आत गेलेली माती सोबत घेऊन येई. गळणे हाच त्या चाकाचा बचाव होता. चाक कुरकुरले की गाडीवान थांबे, कुणी काढी, वंगण भरी आणि पुढे निघे. तासाला तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या वाहनाला तेवढे पुरे होते.

वेग वाढला तेव्हा हे पुरेना. अमेरिकेत सेंट लुईस येथे घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये शंकूच्या आकाराच्या रोलरचे बेअरिंग पेटंट केले. वळणावर गाडीचा भार नुसता वरून खाली येत नाही, तो बाजूलाही ढकलला जातो. शंक्वाकार रोलर हे दोन्ही भार एकत्र पेलतात आणि झीज झाली की नट आवळून ढिलाई काढता येते. पुढच्या चाकासाठी याहून योग्य रचना आजही क्वचितच सापडेल. पण घासून तेजाळलेल्या पोलादी रोलरला मातीचा एक कणही सोसत नाही. बैलगाडीचा तुंबा मूठभर धूळ पचवी. टिमकेनचे बेअरिंग चिमूटभर धुळीने खराब होते. बेअरिंग जितके नेमके, तितकी त्याच्या दाराशी राखण कडक हवी. सीलाची गरज इथून सुरू झाली.

पहिली राखण नमद्याची होती. लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचे कडे तेलात भिजवून पत्र्याच्या वाटीत बसवत आणि ते आसाला घासत राही. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी ‘मॉडेल टी’ बनवल्या. त्यांच्या पुढच्या हबमध्ये आरंभी गोळ्यांचे आणि नंतर शंक्वाकार रोलरचे बेअरिंग असे, पण ग्रीस अडवायला शेवटपर्यंत नमद्याचाच वॉशर होता. नमदा धूळ उत्तम पकडतो. घट्ट ग्रीसही बऱ्यापैकी अडवतो. पातळ तेल मात्र तो शोषून घेतो आणि दुसऱ्या बाजूने सोडून देतो, शिवाय भिजून राहिला की खालच्या लोखंडावर गंज चढवतो. तरीही या काळातल्या गाडीच्या मालकाला सीलाची फारशी चिंता करावी लागत नाही. योग्य जाडीचा लोकरी नमदा मिळाला की पंचने किंवा धारदार पात्याने कडे कापून घेता येते. गाडी जितकी जुनी तितके सील सोपे, असा हा उलटा हिशेब आहे आणि तो जाणकारांच्या पूर्ण परिचयाचा आहे.

अडचण सुरू होते ती चामड्यापासून. कारखान्यांतल्या यंत्रांना फिरवणारे पट्टे चामड्याचे असत आणि ते बनवणाऱ्यांना चामडे, तेल आणि फिरता दांडा या तिघांचे नाते नेमके ठाऊक होते. १८७८ मध्ये सुरू झालेली ‘शिकागो रॉहाइड’ ही अशीच पट्टे बनवणारी कंपनी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिने पत्र्याच्या वाटीत चामड्याचा ओठ आणि स्प्रिंग असे एकसंध सील मोटारींसाठी आणले. जवळपास त्याच वेळी जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग यांच्या चर्मालयात हेच घडत होते. १८४९ पासून कातडे कमावणाऱ्या या कारखान्याला जागतिक मंदीत नवा धंदा शोधणे भाग पडले. त्याने १९२९ मध्ये चामड्याची सीले बनवायला घेतली आणि १९३२ मध्ये वाल्टर झिमर या अभियंत्याने सुधारलेले कडे बाजारात आणले. त्याचे नाव ‘झिमरिंग’. जर्मन मेकॅनिक आजही कोणत्याही कंपनीच्या ऑइल सीलाला झिमरिंगच म्हणतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलची ‘जॉर्ज अँगस’ ही पट्ट्यांच्या धंद्यातली पेढीही ‘गाको’ या नावाने सीलांकडे वळली. कातडे कमावणारे आणि पट्टे शिवणारे मोटारीच्या चाकात शिरले ते असे.

चामड्याचा ओठ हा गुणी पदार्थ आहे. त्याच्या तंतूंत तेल मुरते आणि हळूहळू घासणाऱ्या जागेला मिळत राहते. दांडा थोडा खरखरीत असला, थोडा वाकडा फिरला तरी चामडे सांभाळून घेते. पण त्याला उष्णता सोसत नाही. लांब घाटात सतत ब्रेक लावून ड्रम तापला की चामडे सुकते, कडक होते, आणि एकदा कडक झालेले चामडे पुन्हा मऊ होत नाही. नुसती उभी राहिलेली गाडीसुद्धा त्याला मारते, कारण तेल सुकून जाते. कित्येक वर्षे बंद असलेल्या गाडीचा हब उघडला की सीलाच्या जागी पापडासारखे कडकडीत, बोटाने मोडणारे कडे निघते, ते यामुळे.

रबराला चामड्याची जागा घ्यायला वेळ लागला. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि लिबलिबीत होते, म्हणून सीलासाठी ते निरुपयोगी होते. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने पुढे निओप्रीन या नावाने ओळखले गेलेले कृत्रिम रबर जाहीर केले आणि त्याच दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर तयार केले. फ्रॉइडेनबर्गच्या कड्यात कृत्रिम रबराचा ओठ १९३६ मध्ये आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला आणि कृत्रिम रबराचे कारखाने अमेरिकेत झपाट्याने उभे राहिले. युद्धानंतर चामडी सीले हळूहळू मागे पडली. त्यामुळे १९३० ते १९५० या दोन दशकांतल्या गाडीत नमदा, चामडे आणि रबर यांपैकी काहीही निघू शकते. एकाच गाडीत तिन्ही निघतात, आणि त्या काळाचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे युद्धातली जीप.

विलीस कंपनीची ‘एमबी’ आणि तोच नकाशा घेऊन फोर्डने बनवलेली ‘जीपीडब्ल्यू’, अशा मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा १९४१ ते १९४५ मध्ये तयार झाल्या. सैन्याची अट अशी होती की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. विलीसच्या टोलेडो कारखान्यात बनलेला हब फोर्डच्या जीपला लावताना कुठे कानस मारायची वेळ येता कामा नये. सगळे सुटे भाग ‘जी-५०३’ या एका यादीत नोंदलेले होते आणि दुरुस्तीची रीत ‘टीएम ९-८०३’ या १९४४ च्या पुस्तिकेत चित्रांसह दिलेली होती. या शिस्तीची फळे ऐंशी वर्षांनंतरही मिळतात, कारण जीपच्या भागाचा नंबर विचारला की उत्तर एकच येते.

तिच्या पुढच्या चाकाची रचना पाहण्यासारखी आहे. ही चार चाकांना जोर देणारी गाडी, म्हणून पुढच्या स्पिंडलच्या पोटातूनही आस जातो आणि बाहेरच्या टोकाला सहा बोल्टांच्या फ्लँजने हबला फिरवतो. हबमध्ये दोन शंक्वाकार बेअरिंगे समोरासमोर बसतात. त्यांच्या कोनचा (आतल्या कड्याचा) नंबर १८५९० आणि कपचा (बाहेरच्या कड्याचा) १८५२०. आतला व्यास १ पूर्णांक ५/८ इंच, म्हणजे ४१.२७५ मिलिमीटर, बाहेरचा २ पूर्णांक ७/८ इंच, म्हणजे ७३.०२५ मिलिमीटर. युद्धातल्या जीपच्या चारही चाकांत हीच जोडी असल्याने एका गाडीला अशी आठ बेअरिंगे लागत. आतल्या बेअरिंगमागे हबचे सील. त्याच्याही पलीकडे, चाक वळवणाऱ्या गोल नकलभोवती, अर्धवर्तुळाकार दोन तुकड्यांत नमदा आणि रबर. आणि आसाच्या नळीत, डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये येऊ नये म्हणून आणखी एक सील. एका बाजूला असे तीन पहारे आहेत. आतला पहारा सुटला तर डिफरन्शियलचे पातळ तेल नकलमधल्या ग्रीसला पातळ करते आणि तेच पुढे हबपर्यंत पोहोचते. हबचे सील तीनदा बदलूनही गळती थांबत नाही अशी तक्रार जिथे येते, तिथे दोष बहुधा आतल्या सीलाचा किंवा आसाच्या नळीतली हवा सोडणाऱ्या, पण तुंबलेल्या ब्रीदरचा निघतो. ब्रीदर चिखलाने बंद झाला की तापलेल्या हवेचा दाब तेलाला कोणत्याही ओठाखालून बाहेर ढकलतो. गळलेला पदार्थ दोन बोटांत चोळून आणि हुंगून पाहिला तरी पुष्कळ कळते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते बोटावरून धावते. ग्रीस जागीच बसते.

युद्ध संपले तेव्हा भारतातही लष्करी शिल्लक मालाचे ढीग उभे होते. सरकारच्या डिस्पोजल्स खात्याने तो लिलावात काढला आणि वापरलेल्या जीपा, त्यांचे आस, खोक्यांतली बेअरिंगे आणि सीले खासगी हातांत आली. त्याच सुमाराला मुंबईत नव्या जीपांचीही सोय होत होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनीने १९४७ पासून विलीस जीपा जोडायला सुरुवात केली. सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या ७५ गाड्यांची ती पहिली खेप होती. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

मुंबई तेव्हा मोटारी जोडणारे शहर होते. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डी सोटो, प्लिमथ या गाड्या जोडत होती. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसत्या जोडणीवर न थांबता सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच हा उद्योग चालवावा. सरकारने ती मान्य केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास इथले काम आटोपते घेतले. देशी उद्योगाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्यामागे हजारो शेव्हरोले, फोर्ड, ब्यूक पोरक्या झाल्या. आयात परवान्यावर होती, परकीय चलन मोजून मिळत होते आणि जुन्या खासगी गाडीच्या सीलासाठी ते खर्च करायला कुणी तयार नव्हते.

जीपचे नशीब वेगळे निघाले. विलीसने युद्धानंतर ‘सीजे’ मालिका काढली, १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ आणली, आणि पुढच्या चाकातली १८५९०-१८५२० ही जोडी तशीच ठेवली. महिंद्राने ‘सीजे-३बी’चीच रचना घेतली, तिचे भाग देशात बनवले आणि अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाल्यावरही भारतात चालूच ठेवली. धरणांच्या कामांवर, तहसील कचेऱ्यांत, जंगल खात्यात, निवडणुकांच्या प्रचारात ती होतीच. पश्चिम महाराष्ट्रात तिने माणसे कोंबून गावोगाव वडाप केले. ग्राहक सरकारी असो की वडापवाला, त्याला हबचे सील लागे. हे गिऱ्हाईक सतत असल्यामुळे सीलाचे माप जिवंत राहिले. १९४३ ची लष्करी जीप आणि १९७५ ची महिंद्रा यांच्या वयात बत्तीस वर्षांचे अंतर, पण पुढच्या हबच्या दुकानदारीत त्या दोन्ही एकच. म्हणूनच आज अमेरिकेत किंवा युरोपात युद्धकालीन जीप पुन्हा उभी करणारे लोक सुटे भाग भारतातून मागवतात. शेजारच्या शेडमधली प्लिमथ मात्र तिच्या सीलासाठी समुद्रापलीकडे पाहत राहते. एक गाडी चांगली आणि दुसरी वाईट असे यात काही नाही. जिचे माप चालू राहिले, ती चालू राहिली.

अशा पोरक्या गाड्यांना बाजारांनी आणि लेथवाल्यांनी जगवले. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपास नव्या सुट्या भागांची दुकाने होती, चोरबाजारात जुने मिळे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत काढलेल्या गाड्या भागाभागाने विकल्या जात. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट मिळत आणि बुधवारी-रविवारी कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या ढिगात नशीब आजमावता येई. दिल्लीचे काश्मिरी गेट हे या धंद्याचे उत्तरेकडचे मोठे केंद्र. अशा दुकानांत सीले तारेत ओवून टांगलेली असतात, मापाप्रमाणे, बांगड्यांसारखी. गिऱ्हाइकाने गाडीचे नाव सांगितले तर दुकानदार मान हलवतो. काढलेले सील काउंटरवर ठेवले तर तो व्हर्नियर उचलतो. गाडीच्या नावापेक्षा मापावर चालणारी ही पद्धत पोरक्या गाडीला फार उपयोगी पडली, कारण प्लिमथच्या हबला लागणारे कडे एखाद्या ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या मापात सापडू शकते. सीलाला ते कोणत्या यंत्रात आहे हे कळत नाही.

मापे तीन घ्यायची: ओठ जिथे टेकतो त्या दांड्याचा व्यास, सील ज्यात ठोकायचे त्या हबच्या भोकाचा व्यास, आणि रुंदी. जुन्या सीलावरून ही मापे घेणे धोक्याचे असते, कारण झिजलेला ओठ मोठा आणि ठोकून काढलेली वाटी वेडीवाकडी झालेली असते. माप लोखंडाचे घ्यावे. सीलावर नंबर उठलेला असेल तर त्याहून चांगले, कारण नंबरावरून कॅटलॉगात आडवा शोध घेता येतो. कंपनी बुडाली, विकली गेली तरी तिचे नंबर दुसऱ्यांच्या यादीत राहतात. चामड्याच्या पट्ट्यांपासून निघालेली शिकागो रॉहाइड १९९० मध्ये स्वीडनच्या एसकेएफने घेतली. याच एसकेएफचा १९६१ मध्ये स्थापन झालेला भारतीय उद्योग चिंचवडला बेअरिंगे बनवत आला आहे, आणि जुने ‘सीआर’ नंबर आता एसकेएफच्या कॅटलॉगात सापडतात.

मापांचा पेच इंच आणि मिलिमीटर यांच्यात आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्या इंचात आखलेल्या. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. कुर्ल्यात बनणारी फिएट इटालियन, म्हणून जन्मापासून मिलिमीटरची होती, आणि मुंबईच्या टॅक्सीने तिची सीले २०२३ मध्ये शेवटची फिएट (पद्मिनी) टॅक्सी रस्त्यावरून जाईपर्यंत मागणीत ठेवली. दुकानात सहज मिळते ते मिलिमीटरचे; जुनी डॉज मागते ते इंचाचे. पावणेदोन इंचाचा दांडा ४४.४५ मिलिमीटरचा असतो. त्याला ४५ चे सील ‘जवळजवळ बसते’ म्हणून लावले जाते. मोकळ्या सीलाचा ओठ दांड्यापेक्षा साधारण एक-दीड मिलिमीटरने लहान ठेवलेला असतो आणि त्या ताणावरच त्याची पकड असते. ४५ च्या सीलात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पकड हातची जाते. सील लगेच गळत नाही, पहिल्या पावसाळ्यात गळते. उलट दोन इंचाच्या, म्हणजे ५०.८ च्या, दांड्यावर ५० चे सील ताणून चढवले तर ओठ तापून जळतो. बाहेरच्या अंगाचीही हीच गत. अडीच इंचाचे भोक ६३.५ मिलिमीटरचे, आणि सहज मिळणारी सीले ६२ किंवा ६५ ची. ६२ च्या सीलाभोवती पत्रा गुंडाळून ते ठोकणे ही खूप जुनी आणि खूप वाईट सवय आहे, कारण सील तिरके बसते. योग्य मार्ग म्हणजे मधले कडे लेथवर कातून घेणे: बाहेरून हबच्या भोकात दाबून बसेल आणि आतून सीलाला घट्ट धरेल असे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमके. मराठी मुलखात प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असा टर्नर आहे.

माप जुळले तरी माल जुना असू शकतो. पिवळ्या पडलेल्या मूळ पुड्यातले न वापरलेले सील हाती लागले की संग्राहकाला आनंद होतो, पण रबराचे वय पुड्यात थांबत नाही. रबरी भागांच्या साठवणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात नायट्राइलला सात वर्षे आणि तपासणीनंतर आणखी तीन अशी मुदत धरली आहे. पन्नास वर्षांचे सील बोटाने किंचित दुमडून पाहावे. ओठावर केसासारख्या भेगा उमटल्या तर ते दाखवण्यापुरतेच. चामड्याच्या जुन्या सीलात आशा थोडी जास्त असते. ते कडक झालेले नसेल तर कोमट तेलात रात्रभर ठेवल्यावर ओठाला जीव येतो. वाटी चांगली असून चामडे गेले असेल तर कड उलगडून, आत नवे कमावलेले कातडे कापून बसवून, कड पुन्हा दाबता येते. मोटारीचा इतिहास जपणाऱ्या माणसाने ही कारागिरी शिकून ठेवावी, कारण काही मापांना दुसरा इलाज उरलेला नाही. वाटीची मूळ घडण जपायची असेल तर तिच्यात आजच्या नायट्राइलचा ओठ बसवूनही घेता येतो, आणि रोज चालवायच्या गाडीला तो चामड्यापेक्षा बरा.

पण पुष्कळदा दोष सीलात नसतोच. स्पिंडलवर ओठ वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घासतो आणि ओठात अडकलेली धूळ पोलादाला कुरतडते. स्पिंडल पुसून त्यावरून नख आडवे फिरवले की ते एका चरीत अडकते. ही चर राहिली तर कोणतेही नवे सील टिकणार नाही. सील थोडे अलीकडे किंवा पलीकडे बसवून ओठाला कोरी जागा देता येते, हबमध्ये तेवढी जागा असेल तर. नाही तर सव्वा शतांश इंचाहूनही पातळ, ०.२८ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची बाही चरीवर चढवतात. सीलाचे माप बदलावे लागत नाही. तीही त्या मापात मिळाली नाही तर दांडा भरून, कातून, ग्राइंड करून घ्यायचा. इथे लेथच्या पात्याच्या खुणा राहता कामा नयेत, कारण त्या सूक्ष्म आट्यांसारख्या वागतात आणि चाक फिरले की तेल स्क्रूसारखे बाहेर काढतात.

सील बसवण्याचे काम शांतपणे करायचे असते. हबचे भोक पुसून कोरडे करतात, कुठे बूर उठला असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडतात. ओठाचे तोंड ग्रीसकडे, म्हणजे बेअरिंगकडे. ओठाला आधी ग्रीस लावतात, चामड्याचा असेल तर तो तेलात मुरवूनच घेतात. कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच करपतो. मग सीलावर सपाट कडे किंवा जुन्या बेअरिंगचा कप ठेवून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी, चहूबाजूंनी सारखे आत सरकवतात. एका बाजूला थेट ठोकले की वाटी वाकते आणि सगळी खटपट वाया जाते. जीपच्या बाबतीत हब स्पिंडलवर चढवल्यावर आतला नट चाक फिरवत फिरवत, चाक जड होईपर्यंत आवळतात, मग सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेतात, कानवाला वॉशर बसवून बाहेरचा नट आवळतात आणि वॉशरचा कान नटावर दुमडतात. बेअरिंग ढिले राहिले तर हब डुलतो, आणि डुलणाऱ्या हबमधले सील कितीही नवे असले तरी एका बाजूने झिजते. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर ड्रम काढून आत पाहतात. लायनर कोरडे असतील आणि स्पिंडलवर ओठ टेकतो तिथे तेलाची पातळ, अखंड चकाकी असेल, तर सील बसले.